मोतीबिंदूच्या तपासणीत आई-वडिलांच्या डोळ्यांची मापं वेगळी आली, मशीन चुकलं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या डोळ्याची लांबी २१.८ मिमी आली आणि वडिलांची २३.६, तर मशीन चुकलं का. लगेच तसं म्हणू नका. बायकांचा डोळा पुरुषांपेक्षा सरासरी अर्धा मिमी आखूड असतो, कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक जास्त असतो. डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला ही मापं घेणं हेच माझं काम आहे, आणि अशाच आकड्यांवरून आमच्या घरात मोठं भांडण झालंय.

१९९८ साली माझ्या आईचा मोतीबिंदू एका शिबिरात काढला. आम्ही तेव्हा सोलापूरच्या साखर पेठेत राहायचो, आई विड्या वळायची. शिबिरात सगळ्यांना एकच लेन्स, वीस नंबरची. माप कुणाचंच घेतलं नाही. पट्टी निघाल्यावर माणसं ओळखू यायला लागली म्हणून आई खूश होती. महिन्याभरानं सूप मांडीवर घेऊन बसली. पान कापलं, तंबाखू भरली, विडी वळली, पण दोरा बांधताना बोटं चुकायला लागली. विडी लांब धरायची, आणखी लांब, शेवटी हात पुरायचा नाही. शिबिरातला जवळचा चष्माही कमीच पडला. "सगळं दिसतंय की रे, दोरा तेवढा दिसंना," म्हणायची. दादाचं म्हणणं, फुकटात झालंय, वयही झालंय, आता आणखी काय पाहिजे?

पुढं या कामात आल्यावर मी तिचा डोळा मोजला. लांबी २१.९ मिमी, कॉर्नियाचा बाक ४६. लेन्सचा नंबर काढायच्या जुन्या एसआरके सूत्रानं, म्हणजे ११८.४ या लेन्सच्या ठरलेल्या आकड्यामधून लांबीची अडीचपट आणि बाकाची ०.९ पट वजा केली, तर लेन्स येते सव्वाबावीस. वीसची लेन्स लागते २३.५ लांबी आणि ४४ बाक असलेल्या डोळ्याला. तो डोळा आईचा नव्हताच. वयाचा यात काडीचा संबंध नव्हता.

वयानं बदलतं ते वेगळं. नैसर्गिक लेन्स जाड होत जाते, त्यामुळं कॉर्नियामागची जागा उथळ होते, बायकांची जरा जास्तच. कॉर्नियाचा बाक ज्या दिशेला जास्त असतो, ती दिशाही उभ्याची आडवी होत जाते. टॉरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबरही घालवणारी लेन्स घालणार असाल तर हे डॉक्टरांशी बोला.

तुमच्या आईची तुलना वडिलांशी करू नका, तिच्याच दुसऱ्या डोळ्याशी करा. दोन्हींत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजायला सांगा. मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाशाच्या मशीनला माप मिळत नाही, मग ए-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करतात. त्यात प्रोब कॉर्नियावर दाबला गेला की लांबी कमी भरते. एक मिमीची चूक म्हणजे अडीच-तीन नंबर. इतक्या आखूड डोळ्याला हॉफर क्यू किंवा बॅरेट सूत्र वापरतात, कुठलं वापरलं ते विचारा. अर्थात आखूड डोळ्याचे पुरुष आणि लांब डोळ्याच्या बायकाही रोज येतात, सरासरीवरून कुणाचीच लेन्स ठरवायची नसते.

आणि घरात कुणी "या वयात एवढं चालतंय" म्हणालं तर तिथंच थांबवा. तुमची आई हातांनी काय काम करते, शिवते, निवडते, वाचते, ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. नजर लांबची ठेवायची की जवळची, हे लेन्स निवडतानाच ठरतं. आमच्या आईला ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.