उकळली तरी कोळंबी ती कोळंबीच

प्रश्न : नातवाला बांगड्याचं तिखलं पचतं, पण कोळंबीचे दोन घास गेले की अंगभर गांधी उठतात. जास्त शिजवून देऊ का? – एक आजी, वेंगुर्ले

उत्तर : नको हो आजी! आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा जेमतेम एकच थर. वर चिकट स्राव, त्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं, म्हणजे परक्या गोष्टींना अडवणारी संरक्षक प्रथिनं. अस्तरातल्या पायर यांच्या गाठी (रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके; पायर या शरीररचनातज्ज्ञाने केलेलं वर्णन १६७७ मधलं!) आलेल्या मालाचे नमुने तपासतात, बहुतेक अन्नाशी शरीर भांडत नाही. नातवाच्या शरीराने मात्र कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिनसारख्या प्रथिनाशी वैर धरलेलं दिसतं. ते उकळूनही टिकतं. कुर्ल्यांतही तसंच असतं, म्हणून त्याही तूर्त बंद. आणि वांग्यात चार सोडे टाकायची आपली खोड? तीही. ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले, धाप लागली तर कोकम लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.