कणभौतिकीतला कॅलरीमीटर एकेका कणाची ऊर्जा मोजतो तरी कशी?

थोडक्यात सांगायचं तर कणाला जड पदार्थात अडवायचं आणि त्यात निघालेला प्रकाश (काही ठिकाणी विद्युतभार) मोजायचा. नाव उष्णता मोजण्यावरून आलं असलं, तरी इथे सहसा तापमान कोणी बघत नाही, एका कणाने ते वाढून वाढणार किती!

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाचं उदाहरण घ्या. तिथे लेड टंगस्टेटचे सुमारे ७६ हजार स्फटिक आहेत. काचेसारखे पारदर्शक, पण हातात घेतलं तर शिशासारखे जड: मधल्या भागातला एकेक २३ सेंमी लांब, दीड किलोच्या आसपास. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आत शिरला की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जुळा) यांची जोडी होते, ते पुन्हा फोटॉन सोडतात, त्यांच्या पुन्हा जोड्या. दर सेंटिमीटरला कणांची संख्या साधारण दुप्पट होते आणि ऊर्जा वाटली जाऊन संपते. स्फटिकात चमकलेला प्रकाश मागच्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर, पडतो. प्रकाश जितका जास्त, तितकी ऊर्जा जास्त. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन हा बराच काळ शोधला जाणारा कण दोन फोटॉनांच्या रूपात दिसला, त्यात या अचूकतेचा मोठा वाटा.

प्रोटॉन आणि पायॉन यांसारखे क्वार्कांचे बनलेले कण सहसा इथे पुरते थांबत नाहीत. त्यांच्यासाठी बाहेर पितळ आणि सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) यांचे थर असतात. तिथली मोजणी बरीच ढोबळ, कारण अणुकेंद्रं फोडण्यात खर्ची पडलेली ऊर्जा दिसतच नाही. त्याही बाहेरचा सिंटिलेटरचा थर उभारण्यात मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिचा हात आहे. म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, मात्र यातूनही थोडीशीच ऊर्जा सोडून आरपार जातो.