नेट, के-सेट की एमएच-सेट? खानापूरच्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. धारवाडहून जिऑलॉजीत एमएस्सी, 61 टक्के, शाळा बेळगावजवळच्या खानापूरला मराठी मिडियममधून, कन्नड बोलता येतं पण लिहिताना अडतं, आणि विचारतोयस की सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, कर्नाटकची (के-सेट) देऊ की महाराष्ट्राची (एमएच-सेट), का प्राध्यापकीचा नाद सोडून सरळ रिसर्च प्रोजेक्टला लागू. तुझ्या जागी मी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सेटचं बघ. 1 जून 2002 नंतर झालेली सेट ज्या राज्याची, त्याच राज्यातल्या कॉलेजात चालते. आपल्याकडं हे कुणी नीट सांगत नाही आणि पोरं फसतात. मला कोल्हापूर जवळ, अभ्यासाचे मित्रही तिकडचेच, म्हणून मी महाराष्ट्राची सेट दिली, पास झालो, घरात पेढे वाटले, आणि पुढं दोन वर्षांनी बेळगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात जिऑलॉजीची एकच जागा निघाली तेव्हा कागद तपासणाऱ्या टेबलावरच मला परत पाठवलं. घरापासून बारा किलोमीटरवरची जागा होती रे. अजून आठवलं की वाईट वाटतं. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्रात नोकरीसाठी डोमिसाइलची सवलत आहे, त्यात तुझं गाव असेल तर कागद काढून ठेव, पण ती सवलत रहिवासाची आहे, त्यानं के-सेट काही कोल्हापुरात चालत नाही.

म्हणून पहिला जोर सीएसआयआर-नेटवर, म्हणजे विज्ञान विषयांच्या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेवर लाव. तिथं आपला पेपर अर्थ, अ‍ॅटमॉस्फेरिक, ओशन अँड प्लॅनेटरी सायन्सेस या नावानं असतो. यूजीसी-नेटच्या यादीत भूगोल दिसतो, तो आपला विषय नव्हे, तिथं फॉर्म भरून बसू नकोस. नेट दोन्ही राज्यांत चालते आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती लागली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 मिळतात, पीएचडी घरच्यांवर ओझं न टाकता होते. फक्त जिऑलॉजीवाल्यांची एक खोड असते, वारे आणि समुद्राचे धडे सोडून द्यायचे. पार्ट बी मध्ये तेच येतं. नेटबरोबर के-सेटचाही फॉर्म भर, ती आता केईए ही कर्नाटकची परीक्षा घेणारी संस्था घेते, अभ्यास बराचसा एकच आहे.

जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएचडी सक्तीची नाही, आणि मास्टर्सला 55 टक्के लागतात, ते तुझ्याकडं आहेत. तरी पीएचडी सोडू नको. जागा एक आणि उमेदवार खंडीभर असतात, शॉर्टलिस्टला पीएचडीचे आणि छापलेल्या रिसर्च पेपरचे मार्क धरतात.

आता रिसर्चचं. तू 'प्राध्यापकी की प्रोजेक्ट' असं विचारतोयस, मला ते दोन रस्ते वाटतच नाहीत. परमनंट जागा कधी निघेल ते तुझ्या हातात नाही, तोवर गेस्ट लेक्चरर म्हणून किंवा पलीकडं महाराष्ट्रात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पाच-सहा वर्षं घालवलेली माणसं मी बघितलीत, शिकवायला फार चांगली, पण संशोधन काहीच नाही, आणि मुलाखतीत तिथंच अडकतात. त्यापेक्षा प्रोजेक्टला लाग. चोर्ला घाट उतरलास की गोव्यात दोनापावलाला समुद्रविज्ञानाचं एनआयओ, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर. कराडला बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब आहे, 1967 च्या कोयना भूकंपाच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय. ग्रह-चंद्राची ओढ असेल तर अहमदाबादचं पीआरएल हे अवकाश आणि ग्रहांवरच्या संशोधनाचं केंद्र आहे, चांद्रयान-3 च्या रोव्हरवरचं एपीएक्सएस, म्हणजे मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, त्यांनीच बनवलं, म्हणजे तिथंही शेवटी दगडातली रसायनं ओळखणारा माणूस लागतोच. प्रोजेक्टच्या जागांच्या जाहिराती बहुतेक संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर येतात आणि मुदत थोडी असते, त्यामुळं दर सोमवारी बसून बघायची सवय लाव.

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी आता दोन-तीनदा बसलोय. उमेदवार फाइल उघडतो, सर्टिफिकेटं भरपूर असतात, मग आम्ही विचारतो की तुझ्या गावाजवळचा दगड कुठला, आणि पोरगं गप्प. खानापूरचा जांभा, कौलांची माती, गोकाकच्या धबधब्याखालचं कलादगी या जुन्या खडकांच्या गटातलं क्वार्टझाइट, त्याच्या वरच्या अंगाला 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा डेक्कन ट्रॅप. एवढं सगळं एका दिवसाच्या एसटी प्रवासात बघायला मिळतं असे जिल्हे किती आहेत? यातला एक विषय धर, स्वतः नमुने गोळा कर, थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दगडाचा पातळ काप) कर, धारवाडच्या सरांना सांगून एक्सआरएफ (दगडातली मूलद्रव्यं मोजायची तपासणी) कुठं होईल ते बघ आणि एकच पेपर लिही पण चांगल्या जर्नलला, बेंगळुरूच्या जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या जर्नलसारख्या. पैसे घेऊन आठवड्यात छापून देतात त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, पॅनेलवरच्या माणसाला ती नावं पाठ असतात.

कन्नडचं मनावर घे. सरकारी डिग्री कॉलेजच्या भरतीत कन्नडचा पेपर असतो आणि पहिल्या वर्षाचा वर्ग इंग्रजीत सांगून अर्धा कळतो, मग पोरं कन्नडमध्येच शंका विचारतात. आपलं मराठीपण त्यानं कुठं कमी होत नाही. मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रोज एक पान लिहून काढायला लागलो, शेजारच्या मास्तरांकडून तपासून घ्यायचो, आठ महिन्यांत हात बसला.

नेटचा पुढचा फॉर्म सुटला की भर, आणि फिल्डला जायच्या आधी मान्सूनचं बघ, जूननंतर खानापूरकडं जंगलात नमुने मिळत नाहीत. विषय ठरला की सांग, कलादगीचे जुने नकाशे माझ्याकडं आहेत, देतो.