'क्विसलिंग'ला फितूर म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेत लोकशाही पुन्हा कशी उभी राहिली, यावरच्या लेखाचं मी भाषांतर करते आहे. जर्मनांना साथ देणाऱ्यांसाठी इंग्रजीत 'कोलॅबोरेटर' आहे. सहकारी, सहयोगी की फितूर? आणि 'क्विसलिंग'ला 'सूर्याजी पिसाळ' चालेल का?"

ताई, 'सहकारी' आधी खोडा. तो वाचला की आपल्याला साखर कारखाना नाहीतर पतपेढी दिसते. 'सहयोगी'सुद्धा फारच सोज्वळ. सहयोगी असतात ते प्राध्यापक.

'फितूर' नेमका आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मरगळ, ढिलाई. हिंदीत तो डोक्यात शिरलेलं खूळ झाला. मराठीत मात्र फितूर म्हणजे शत्रूला आतून मिळालेला, आणि कोर्टात उलटलेला साक्षीदारही आपल्याकडे 'फितूर'च होतो. नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचा नेता विद्कुन क्विसलिंग असाच आतला. 9 एप्रिल 1940 ला जर्मन फौजा उतरल्या आणि त्याच संध्याकाळी त्याने रेडिओवरून स्वतःचं सरकार जाहीर केलं. महिना संपायच्या आत लंडनच्या 'टाइम्स'ने त्याच्या आडनावाचं सामान्यनाम करून टाकलं होतं. सूर्याजी पिसाळाचंही आपण तेच केलं, म्हणून तुमची जोडी सुचली ती चुकीची नाही. पण ओस्लोच्या गोष्टीत मध्येच रायगड उभा राहील, त्याचं काय? 'क्विसलिंग' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे फितूर' एवढं जोडा.

खरी अडचण युद्धानंतरच्या खटल्यांची. नॉर्वेजियन शब्द आहे 'लान्सस्विक': देशाशी दगा. आणि त्या सगळ्या न्यायप्रक्रियेच्या नावात हिशेब पुरा करण्याचा शब्द आहे, म्हणजे कायद्याने केलेला हिशेब. मराठीत 'हिशेब चुकता केला' म्हटलं की सूडाचा वास येतो, म्हणून 'कायद्याने' हा शब्द गाळू नका. क्विसलिंगच्या पक्षाचं नुसतं सदस्यत्व हाही गुन्हा धरला गेला होता. नव्वद हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली. देहदंड झाला तो 25 नॉर्वेजियनांना. वर्गणी भरून पावती घेतलेल्या गावच्या दुकानदाराला आणि क्विसलिंगला एकाच 'फितूर'मध्ये कोंबणं बरं नाही. खटल्यांना 'देशद्रोहाचे खटले' म्हणा, त्या दुकानदाराला 'पक्षसदस्य'.

सगळे हिशेब मिटेपर्यंत राजकारण थांबलं नव्हतं, हेही भाषांतरात दिसू द्या. 8 ऑक्टोबर 1945 ला मतदान झालं, मजूर पक्षाला 150 पैकी 76 जागा मिळाल्या. क्विसलिंगला आकेर्सहुस किल्ल्यात गोळ्या घातल्या त्या 24 तारखेला. पंतप्रधान आयनार गेरहार्डसन स्वतः जर्मनांच्या छळछावणीतून आलेले.

एक शिक्षा मात्र शब्दवेड्या माणसाला चाळवणारी आहे. अनेकांना दंडाबरोबर 'सार्वजनिक विश्वास गमावण्याची' शिक्षा झाली: मताचा हक्क गेला, सरकारी पद गेलं. 'नागरी हक्क काढून घेतले' हे भाषांतर बरोबर आहे, पण कोरडं. आपल्याकडे 'पत' आहे ना! पैशाचीही असते, माणसाचीही. मी तर 'सार्वजनिक पत गेली' असं लिहीन आणि मताधिकाराचा खुलासा लगेच पुढच्या वाक्यात देईन.