उद्योग-विचारणा : भाजणीचा भाव, अडकलेली बिले आणि भागीदारी

प्रश्न : मी घरी थालीपिठाची भाजणी करून विकते. 10 किलो धान्य-डाळी, धणे-जिरे मिळून 800 रुपये लागतात आणि मी 160 रुपये किलोने देते. म्हणजे दुप्पट भाव. मागणीही बरी आहे, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. आता राजेंद्रनगर आणि लोकमान्यनगरमधली दोन दुकाने माल ठेवायला तयार आहेत. त्यांना काय भाव सांगू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दुप्पट वाटतो, पण तो नाही. आधी घट धरा. भाजताना ओलावा उडतो, थोडे पीठ चक्कीत राहते. 10 किलोचे 9.2 किलो भरले असे समजू. (तुमची घट तुम्हीच दोन-तीन घाण्यांना तोलून काढा, अंदाजाने धरू नका.) कच्चा माल इथेच किलोला 80 चा 87 झाला. दळण 10. गॅस 7, घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, तेव्हा 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच दर धरायचा. अर्ध्या किलोची पिशवी आणि लेबल 6 रुपये, म्हणजे किलोला 12. बेरीज 116. इथवर बहुतेक जणी येतात आणि थांबतात.

राहिली तुमची मजुरी. निवडणे, भाजणे, चक्कीवर नेणे-आणणे, भरणे यात एका घाण्याला 7 तास जात असतील आणि तासाचे 60 रुपये धरले, तर 420 रुपये होतात. किलोमागे 46. एकूण 162. तुम्ही 160 ला विकता. जे दोन पैसे दिसतात ते तुमच्या श्रमाचे आहेत आणि तेही पुरते नाहीत. पुढे मागणी वाढून मदतनीस ठेवली की हे 46 रुपये खिशातून द्यावे लागतील. नेमका धंदा वाढताना तोटा सुरू होतो तो यामुळे.

दुकानदार छापील किमतीवर 20 टक्के मागेल असे धरा. अर्ध्या किलोवर 130 छापले, तर किलोचे 260. त्याचे 52 गेले, तुमच्याकडे 208. त्यातून 162 खर्च, शिवाय पोचवणे, चवीचे नमुने, परत आलेली पाकिटे यांचे 15. उरले 31. हा खरा नफा. 130 जड वाटत असतील तर भाव पाडण्याआधी घाणा मोठा करा. चक्कीची खेप 10 किलोला तेवढीच आणि 20 किलोलाही तेवढीच. निवडलेल्या डाळी घ्या. दोन रुपये जास्त पडले तरी तास वाचतात. आणि घरून घेणाऱ्यांनाही 130 च सांगा. तुम्ही 80 ला देता हे दुकानदाराला कळले की तो माल मागच्या फळीवर टाकतो.

भाजणी दुकानात नासते ती दोन कारणांनी. एक, चक्कीतून आलेले पीठ कोमट असतानाच पिशवीत भरले जाते. वाफ आत धरते, गुठळ्या होतात, कुबट वास येतो. स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. दुसरे, कच्चट भाजलेली बाजरी. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे ती नीट भाजली नाही तर पीठ लवकर कडवटते. तिला इतर धान्यांत मिसळून न भाजता वेगळी भाजा. प्रत्येक घाण्याचे एक पाकीट तारीख घालून घरी ठेवा आणि दर पंधरवड्याला थोडे चाखा. ‘किती दिवस टिकते’ याचे उत्तर त्यातून मिळते, शेजारच्या ब्रँडचे लेबल वाचून नाही.

कागद फार नाहीत. छोट्या उलाढालीला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मूळ नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याखेरीज निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, घटक, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन. नुसता माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण पुण्या-नागपूरच्या ओळखीने तिकडे माल विकायला लागलात, तर ही सूट उरत नाही, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सांवेर रोडला माझे छोटे वर्कशॉप आहे, यंत्रांचे सुटे भाग करतो. महिन्याला 4 लाखांची बिले, खर्च 3.40 लाख. नफा आहे, तरी पगाराच्या दिवशी उसनवारी करावी लागते. पैसे 90 दिवसांनी येतात, लोखंडवाला मात्र 15 दिवसांत मागतो. बहुतेक काम एकाच कंपनीचे. — एक वाचक, सुदामानगर

उत्तर : दिले आणि आले यांत 75 दिवसांचे अंतर, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च: सुमारे साडेआठ लाख रुपये कायम तुम्ही त्या कंपनीला बिनव्याजी वापरायला दिलेत. वर 18 टक्के दराने दरमहा 72,000 जीएसटी बिलावर लागतो. खरेदीवरचा कर वजा करून उरलेला भरायचा, पैसे आलेले असोत की नसोत. काम वाढवले तर खड्डाही वाढेल.

पहिला उपाय जॉबवर्क. लोखंड कंपनीने द्यावे, तुम्ही फक्त घडणावळीचे बिल करावे. उलाढाल कमी दिसेल, पण अडकणारी रक्कम झटकन खाली येते. दुसरा, बिलाची शिस्त. पुष्कळ बिले कागदापायी रखडतात: खरेदी आदेशाचा क्रमांक नाही, मालाच्या चलानावर गेटचा शिक्का नाही, नाकारलेल्या नगांचा निकाल लागलेला नाही. माल गेला त्याच दिवशी बिल द्या आणि आठवड्याने ‘बिल खात्यात चढले का’ एवढेच विचारा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. शिवाय करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून असे थकवलेले पैसे खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, म्हणून मार्चमध्ये लेखा विभाग जरा नरम असतो. पाठपुरावा तेव्हाच करा. मात्र थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की ते गिऱ्हाईक बहुधा गेले. आधी दुसरे दोन शोधा.

प्रश्न : छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आणि मुद्रा योजनेचे कर्ज यांसाठी एक जण 2,500 रुपये मागतो. द्यावे का?

उत्तर : नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने फुकट होते. मुद्राचे 50,000 पर्यंतचे ‘शिशु’ कर्ज बिनतारण आहे आणि अर्ज थेट बँकेत करता येतो.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र पोह्यांचे आणि साबुदाणा खिचडीचे दुकान काढतोय. माझे 4 लाख, त्याचे 1 लाख आणि पूर्ण वेळ. यशस्वी उद्योजकात कोणते गुण लागतात?

उत्तर : गुणांची यादी राहू द्या. मित्राशी पैशाचे अवघड बोलणे आज करता येते का, एवढे पाहा. भागीदारीचा करार केला नाही, तर 1932 च्या कायद्याप्रमाणे नफा-तोटा सारखा वाटला जातो, भांडवल 4 असो की 1. म्हणून लिहून काढा: तो दुकानात बसणार त्याचा पगार किती, तुमच्या जादा पैशावर व्याज किती, पाच हजारांवरच्या खर्चाला दोघांची सही लागेल का, आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास त्याचा हिस्सा कसा मोजायचा व किती हप्त्यांत द्यायचा. फर्म नोंदवूनही घ्या. नोंदणी नसलेल्या फर्मला पैसे थकवणाऱ्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. पाच लाखांतले निदान दीड लाख भाड्या-पगारासाठी बाजूला ठेवा. सगळे फर्निचरमध्ये घालू नका. इंदूरमध्ये पोहे लोक उभ्यानेच खातात.