नर्सिंगच्या मुलींची क्लिनिकल परीक्षा सिम्युलेशन गेमवर घेतली तर चालेल का?

चालेल, पण पूर्ण मार्क त्यावर देऊ नका. मी सोलापुरात नर्सिंग शिकवते, आणि ही चूक स्वतः करून बसलेय.

हा गेम म्हणजे कॉम्प्युटरवरचा खोटा पेशंट, त्याची खरी ताकद सांगते. केस अशी: डायबेटिसचा पेशंट, सकाळी इन्सुलिन घेतलंय, नाश्ता नाही, आता दरदरून घाम आणि असंबद्ध बोलणं, म्हणजे रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं. वॉर्डात असं झालं तर मी विद्यार्थिनीची परीक्षा बघत उभी राहणार आहे का? तिला बाजूला सारून मीच धावणार. गेममध्ये मात्र तोच पेशंट चाळीस जणींना देता येतो. कुणी आधी बीपी घेते, कुणी फाईल वाचत बसते, एखादीच थेट ग्लुकोमीटर उचलते. शुद्धीवर आहे, गिळता येतंय, तर १५ ग्रॅम साखर तोंडाने आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. हे पेपरात सगळ्याच लिहितात. पण शुगर बघायला सहा मिनिटं लावली, हे फक्त गेमची नोंद दाखवते.

हात मात्र त्यात दिसत नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. माऊसच्या क्लिकला कसली आलीय खोली? त्यासाठी मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, आणि ओस्कीच, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन एकेक काम करून दाखवायची परीक्षा. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डेन यांनी १९७५ साली मांडलेल्या या परीक्षेला अजून तरी मला पर्याय सापडलेला नाही.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी गेमचा स्कोअर सरळ इंटर्नलला धरला. वॉर्डात एकदम तयार असलेली एक मुलगी तळाला गेली. शेजारी बसून पाहिलं, तर ती इंग्रजी बटणं शोधण्यातच अडकत होती. म्हणजे मी नर्सिंग नाही, कॉम्प्युटर तपासला होता! दुसरीने तीच केस पाच वेळा खेळून ९६ मिळवले, निव्वळ पाठांतर. आता सरावाला एक केस, परीक्षेला न पाहिलेली दुसरी. खेळ संपला की दहा मिनिटं समोर बसवून विचारते, 'हे आधी का केलंस?' मार्क बरेचसे तिथेच ठरतात.

आणि भाषा. गेममधला पेशंट स्वच्छ इंग्रजीत लक्षणं सांगतो. आमच्याकडे आजी म्हणते, 'सिस्टर, अंगात कसंतरी व्हायलंय.' शहराच्या पूर्व भागातला पेशंट तेलुगूत, अक्कलकोटकडचा कन्नडमध्ये. म्हणून शेवटचं स्टेशन मी आमच्या मावशींना देते. त्या कॉटवर पडून 'कळ्ळु तिरुगुतुन्नाय' एवढंच तेलुगूत म्हणत राहतात, म्हणजे चक्कर येतेय. स्कोअरमध्ये वर असलेल्या दोघी-तिघी तिथे माझ्याकडेच बघत राहतात.