फ्रीमाँटच्या शाळा: रेटिंग बाजूला ठेवून काय बघाल

तुम्ही विचारलंय की कंपनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला पाठवतेय, मुलगी आठवी आणि मुलगा चौथी संपवून येतील, तर शाळांच्या रेटिंगसाठी जास्त भाडं देऊन मिशन सॅन होजे भागातच घर घ्यावं का? माझं मत, पहिल्या वर्षी तरी नको.

आधी थोडी पूर्वपीठिका, कारण हा हट्ट कुठून येतो ते त्यात कळतं. सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे, नाइल्स आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र येऊन १९५६ साली फ्रीमाँट शहर झालं. सगळ्या शाळांचा एकच डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक संस्था, १९६४ मध्ये झाला. आजही लोक गावांच्या नावांनीच बोलतात आणि घरांचे भाव हायस्कूलच्या नावावर ठरतात. २००० च्या सुमारास वायबेल या प्राथमिक शाळेची हद्द मिशन सॅन होजे हायस्कूलकडून अर्व्हिंग्टन हायस्कूलकडे गेली, तेव्हा वेगळा डिस्ट्रिक्ट काढायच्या गोष्टी झाल्या. झालं काहीच नाही. अर्व्हिंग्टनची मुलं आज उत्तम कॉलेजांत जातात.

रेटिंगच्या आकड्यात परीक्षेच्या गुणांचं वजन फार असतं, आणि गुणांत आईबापांच्या पदव्या व बाहेरचे क्लास बरेच मोजले जातात. शाळा काय करते ते दुसरीकडे बघा. कॅलिफोर्नियात प्रत्येक डिस्ट्रिक्टला तीन वर्षांचा आराखडा करावा लागतो. एलकॅप म्हणतात त्याला. दरवर्षी सुधारून १ जुलैच्या आत डिस्ट्रिक्टच्या बोर्डानं तो मंजूर करायचा. उद्दिष्टं काय, खर्च कशावर, मागच्या वर्षी काय जमलं नाही, सगळं त्यात असतं. भाषा रटाळ आहे, पण खर्चाचे तक्ते वाचा. सोबत राज्याचा डॅशबोर्ड, म्हणजे शाळांच्या कामगिरीचं संकेतस्थळ, उघडा. त्यात लाल ते निळा असे पाच रंग आहेत, आणि गैरहजेरी, निलंबन, इंग्रजी शिकणाऱ्यांची प्रगती हे विद्यार्थ्यांच्या गटांनुसार दिसतं. एकूण रंग हिरवा आणि एखाद्या गटाचा लाल, असंही असतं. शाळेची खरी परीक्षा तिथे होते असं मला वाटतं.

श्रीमंत शहर म्हणजे श्रीमंत शाळा, हा आपल्याकडचा हिशोब इथे लागू होत नाही. २०१३ पासूनच्या राज्याच्या सूत्रानुसार प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम मिळते. कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकणाऱ्या आणि फॉस्टर (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांकडे वाढणाऱ्या) मुलांसाठी २० टक्के वर, आणि त्यांचं प्रमाण ५५ टक्क्यांपुढे गेलं की आणखी. फ्रीमाँटमध्ये अशी मुलं तुलनेनं कमी, म्हणून वरचे पैसेही कमी. पालो आल्टोसारखे काही डिस्ट्रिक्ट स्थानिक मालमत्ता करावरच चालतात, त्यांची गोष्ट वेगळी. इथे वर्ग भरलेले असतात आणि पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, वर्गणी मागते. इमारतींसाठी मतदारांनी २०१४ मध्ये ६५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. जुनी ज्युनियर हायस्कूलं सहावी ते आठवीची मिडल स्कूलं झाली ती त्याच पैशातून.

मूल्यांबद्दलही विचारलंत. बोर्डाचे पाच सदस्य निवडून येतात, सभा खुल्या असतात, आणि मतदानाचा हक्क नसलेला पालकही माइकपाशी जाऊन बोलू शकतो. २०१८ मध्ये चौथी ते सहावीच्या लैंगिक शिक्षणावरून मोठा वाद झाला, त्यात आपले भारतीय पालकही होते, आणि बोर्डानं तो अभ्यासक्रम थांबवला. सातवीपासून मात्र ते राज्याच्या कायद्यानंच आहे. नको असेल तर पालकांना लेखी कळवता येतं.

आता घराचं. लीज सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला फोन करून तो पत्ता कोणत्या शाळेत येतो आणि तिथे त्या इयत्तेत जागा आहे का, हे विचारा. जागा नसेल तर ‘ओव्हरलोड’ म्हणून मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

मुलगी थेट नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षात जाईल आणि तिथले गुण कॉलेजच्या अर्जापर्यंत जातात. तिची गणिताची पातळी काउन्सेलरशी (विषय निवडायला मदत करणारा शाळेतला मार्गदर्शक) आधी बोलून ठरवा. भारतातल्या शाळेची प्रगतिपुस्तकं आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत जवळ ठेवा. मुलाला पाचवी सोपी जाईल.

प्रवेश अर्जात घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. ‘मराठी लिहू नका, परीक्षा लागते’ असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. ३० दिवसांत इंग्रजीची चाचणी होते, आणि इंग्रजी माध्यमाची मुलं ती बहुधा पहिल्याच फेरीत पार करतात. लसींच्या नोंदी तारखांसह इंग्रजीत आणा, गोवर आणि कांजिण्यांच्या दोन्ही डोसांच्या तारखा विशेष. वैयक्तिक श्रद्धेमुळे लस न घेण्याची सवलत २०१६ पासून बंद आहे.

आणखी एक, डिसेंबरची भारतवारी. राज्याचा पैसा मुलांच्या सरासरी हजेरीवर येतो, त्यामुळे शाळा याबाबत कडक असते. परवानगीविना तीन दिवस बुडले तरी पत्र घरी येतं. जास्त दिवस जायचं असेल तर ‘इंडिपेंडंट स्टडी’चा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास पूर्ण करण्याचा करार आधी मागून घ्या, आणि तिकिटं काढताना शाळेचं कॅलेंडर शेजारी उघडं ठेवा.